मोहाचे फूल आणि मोटारीचे पेट्रोल

श्रोतेहो, गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, हे आपण जाणताच. आता मौज पाहा. याच जिल्ह्यातील एखाद्या पंपावर आज आपण एक लिटर पेट्रोल घेतले, तर त्यात 200 मिलिलिटरच्या आसपास मद्यार्क असतो. माणसाला बंदी आणि मोटारीला मोकळीक! या मद्यार्कालाच हल्ली सगळे इथेनॉल म्हणतात. पंपावर ‘ई 20’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ शंभरात वीस भाग इथेनॉल.

मी इतिहासाचा प्राध्यापक. इंजिनाशी माझा संबंध माझ्या जुन्या स्कूटरपुरता. तरी गेली दोन-तीन वर्षे लोक मला विचारतात, “सर, बिनमद्यार्काचं पेट्रोल कुठं मिळंल हो?” विचारणारे कोणी संस्थानिक नव्हेत. कोणाकडे वडिलांच्या वेळची राजदूत आहे, कोणाकडे लुना, कोणाकडे जंगलखात्याच्या लिलावात घेतलेली जीप. ताडोब्याच्या बाजूला जुन्या जिप्सी आहेत. आणि धानपट्ट्यात तर फवारणीचा पंप नि धान कापायचे यंत्र घरोघर झाले आहे, त्यांचे चिमुकले इंजिनही कार्बुरेटरवरच चालते. म्हणजे हा प्रश्न शौकिनांचा वाटला, तरी तो आपल्या अंगणातला आहे. आणि त्याला इतिहासही आहे, म्हणून मी बोलायला बसलो.

आधी कार्बुरेटर म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. पेट्रोल नुसते पेटवून इंजिन चालत नाही. ते हवेत बारीक फवाऱ्यासारखे मिसळावे लागते, आणि तेही ठरलेल्या मापाने. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. जर्मनीत मायबाखने आणि हंगेरीत बांकी व चोंका या जोडीने 1893 च्या सुमारास फवाऱ्याचा कार्बुरेटर सिद्ध केला. त्याची युक्ती साधी आहे. एका लहानशा वाटीत पेट्रोल साठते. वाटीत एक तरंगता गोळा असतो, त्याला फ्लोट म्हणतात. पेट्रोल भरले की तो वर येतो आणि सुईने वाट बंद करतो. अरुंद नळीतून हवा जोराने जाऊ लागली की ती वाटीतले पेट्रोल एका बारीक भोकातून ओढून घेते. ते भोक म्हणजे जेट. जेटचे भोक किती मोठे, यावर सगळे माप. कारखान्यात ते एकदा ठरले, की ठरले.

इथेच अडचण आहे. मद्यार्काच्या अंगी स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे त्याच्या एका किलोला नऊ किलो हवा पुरते. अर्थात मिश्र पेट्रोलला हवा कमी आणि इंधन जास्त हवे. नव्या गाडीत धुराच्या नळीत प्राणवायू ओळखणारे एक साधन असते, ते गाडीतल्या छोट्या संगणकाला कळवते आणि तो माप बदलतो. कार्बुरेटरला असे नाक नाही. तो आंधळेपणाने जुन्याच मापाने देत राहतो. मग मिश्रण रोड होते, इंजिन तापते, सकाळी चोक ओढून ओढून हात दुखतो. शिवाय मद्यार्काची ताकद पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच म्हटले आहे की, शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणाला जुळवून घेतलेल्या चारचाकीचे मायलेज वीस टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्क्यांनी आणि अशा दुचाकीचे तीन ते चार टक्क्यांनी घटते.

कोणी म्हणेल, ही नव्या सरकारी योजनेची कटकट. पण नाही. मद्यार्क आणि मोटार यांची ओळख फार जुनी आहे, आणि त्या ओळखीत आपल्या रानाचेही नाव येते.

चैत्रात पहाटे मोहाखाली सडा पडतो. आपल्या बायाबापड्या टोपल्या घेऊन अंधारात निघतात. हे फूल वाळले की त्यात निम्म्याहून अधिक साखर असते. पहिल्या महायुद्धानंतर, 1919 साली, मोटारीला पेट्रोलऐवजी मद्यार्क चालवता येईल का याचा विचार करायला ब्रिटिश सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल निघाला. लंडनमध्ये बसलेल्या त्या समितीच्या कागदपत्रांत मध्यप्रांत आणि हैदराबाद संस्थानातल्या मोहफुलांचा उल्लेख आहे. टनभर वाळल्या फुलांतून सुमारे 90 गॅलन कडक मद्यार्क निघतो, असा हिशोब त्या काळच्या शास्त्रज्ञांनी मांडला होता. मध्यप्रांत म्हणजे आपला चांदा जिल्हा त्यात आला, आणि हैदराबाद म्हणजे सिरोंच्यासमोर प्राणहिता-गोदावरीपलीकडचा मुलूख. बटाट्याशी आणि बीटाशी आपल्या मोहाची तुलना झाली आणि मोह सरस ठरला.

पुढे ते राहून गेले. याचे कारण थोडे अमेरिकेत आहे. इंजिनात पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसतात, ते थांबवायला मद्यार्क उत्तम, हे तेव्हाही ठाऊक होते. परंतु 1921 साली तिथल्या एका मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेत शिशाचे एक संयुग सापडले. ते चिमूटभर पुरे, आणि त्यावर पेटंटही घेता येते. मद्यार्कावर कोण पेटंट देणार? मग जगभर शिशाचे पेट्रोल सुरू झाले आणि त्या विषारी धुरात आपण सर्वांनी सत्तर-पंचाहत्तर वर्षे श्वास घेतला. भारतात ते 2000 साली बंद झाले. तेव्हाही जुन्या गाड्यांचे आता कसे होणार, अशी ओरड झाली होती.

आपल्याकडे मद्यार्काची आठवण टंचाईत होई. दुसऱ्या महायुद्धात 1941 पासून पेट्रोलचे रेशनिंग आले आणि देशभर मोटारींच्या पाठीला कोळशाच्या गॅसची भट्टी लागली. जुन्या लोकांकडून त्या गाड्यांच्या गोष्टी आपण ऐकल्या असतील. चढ आला की उतारू खाली उतरत. याच सुमारास, 1940 साली, संयुक्त प्रांताने पॉवर अल्कोहोलचा कायदा केला. साखर कारखान्यांतली मळी नुसती सडत होती, तिच्यातून मद्यार्क काढून तो पेट्रोलमध्ये मिसळावा, हा हेतू. स्वातंत्र्यानंतर 1948 साली हाच कायदा देशासाठी झाला. म्हणजे उत्तरेकडच्या साखरपट्ट्यात त्या काळच्या कार्बुरेटरच्या मोटारी मद्यार्कमिश्रित पेट्रोलवर धावल्याच आहेत, हे विसरून चालणार नाही. जुन्या गाडीला मद्यार्काचा थेंब लागला की ती मेली, असे छातीठोक सांगणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा.

तरीही आजच्या तक्रारी खोट्या नाहीत. मला वाटते, फरक दोन आहेत. त्या काळी गाडी रोज वापरात असे, आणि तिच्या मालकाला किंवा ड्रायव्हरला कार्बुरेटर उघडता येत असे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तर मिश्रण कमीजास्त करायची कळ चालकाच्या हाताशीच होती. आज तीच गाडी आठवडेच्या आठवडे उभी असते, आणि कार्बुरेटर जाणणारा मिस्त्री म्हातारा झाला आहे.

1948 चा कायदा हळूहळू नावापुरता उरला. पेट्रोल स्वस्त झाले, रासायनिक कारखाने मद्यार्क मागू लागले, आणि 2000 साली कायदाच रद्द झाला. लगेच दुसऱ्या वर्षी नवा प्रयोग सुरू झाला, तो आपल्याच राज्यात मिरज आणि मनमाडला, आणि तिसरा उत्तर प्रदेशात. 2003 मध्ये काही राज्यांत पाच टक्के मिश्रण आले. 2022 च्या जूनमध्ये देशाने दहा टक्के गाठले आणि 2025 मध्ये वीस. यात ऊसवाल्यांचा फायदा आहे, परदेशी चलन वाचते, हे कोणी नाकारू नये. पण हा मद्यार्क ऊस, मका आणि तांदूळ यांचा. आपल्या मोहाचा नव्हे.

आता जुन्या इंजिनात नक्की काय बिघडते, ते पाहू. जुन्या गाड्यांतला फ्लोट पुष्कळदा बुचाच्या लाकडाचा असे आणि त्यावर लाखेचा लेप दिलेला असे. लाख म्हणजे पळस-कुसुमावरची, आपल्या रानातलीच! सुतार लाख कशात विरघळवतात? स्पिरिटमध्ये. मग मिश्र पेट्रोलमध्ये तो लेप विरघळणारच. लेप गेला की बूच भिजते, फ्लोट जड होऊन बुडतो आणि वाटी वाहू लागते. लुना-राजदूतच्या काळात हा फ्लोट पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा झाला; पण जुन्या रबरी नळ्या आणि वायसर मद्यार्काने फुगतात, ठिसूळ होतात. टाकीत वर्षानुवर्षे बसलेली राळ सुटते आणि बारीक जेटमध्ये अडकते. मिस्त्री म्हणतो, “कचरा आला.” कचरा नवा नसतो, तो आपलाच जुना असतो.

खरा शत्रू मात्र पाणी. पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. मद्यार्काला पाण्याची भारी ओढ. तो दमट हवेतून पाणी ओढून घेतो. थोडे पाणी तो पोटात सांभाळतो, पण मर्यादा ओलांडली की पेट्रोलला सोडून पाण्यासह तळाशी जाऊन बसतो. आणि इंजिनाला जाणारी नळी कुठून निघते? तळातूनच. आषाढ-श्रावणात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटते, गाड्या पडवीत उभ्या राहतात. गावोगावच्या दुकानांत प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून पेट्रोल विकतात, त्यांची झाकणे धड बसत नाहीत. अशा हवेत हे मिश्रण टिकायचे कसे? माझी स्कूटर एका पावसाळ्यानंतर दसऱ्याला चालूच होईना. मिस्त्रीने कार्बुरेटरची वाटी उघडली, तर तळाशी पांढरी-हिरवी भुकटी. जस्ताच्या मिश्रधातूला आणि पितळेला लागलेला तो गंज होता. उन्हाळ्याची तऱ्हा उलटी. चंद्रपूरच्या मे महिन्यात मिश्र पेट्रोल थोडे लवकर वाफाळते, नळीत वाफ अडते नि गाडी भर रस्त्यात थांबते. पंपावर ओले फडके टाकायची जुनी युक्ती तेव्हा पुन्हा कामी येते.

शिक्षकबंधूंना एक प्रयोग सुचवतो. उघड्या जागी, विस्तवापासून दूर, आणि स्वतः करून दाखवावा, मुलांच्या हाती देऊ नये. काचेच्या मापनळीत 90 मिलिलिटर पेट्रोल घ्या, त्यात 10 मिलिलिटर पाणी घालून हलवा आणि स्थिर होऊ द्या. शुद्ध पेट्रोल असते तर तळाचा थर 10 वरच राहिला असता. आजच्या पेट्रोलमध्ये तो 28 च्या आसपास जातो. वाढलेला भाग मद्यार्काचा. एक गोष्ट मात्र बजावून सांगतो: तो तळाचा थर म्हणजे दारू नव्हे. त्यात पेट्रोलमधली विषे उतरलेली असतात; तोंडाला लावला तर जीव जाईल. आणि याच रीतीने पाणी घालून पेट्रोल “शुद्ध” करून गाडीत भरायचे, असाही उद्योग कोणी करतात, तोही करू नये. मद्यार्क गेला की उरलेले पेट्रोल हलके पडते आणि इंजिन ठोके देते.

मग बिनमद्यार्काचे पेट्रोल मागणे वाजवी आहे का? माझ्या मते आहे. ब्रिटनने 2021 च्या सप्टेंबरात दहा टक्के मिश्रण सरसकट केले, पण जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचे पेट्रोल पंपावर ठेवले. अमेरिकेत होड्या, जुन्या मोटारी आणि गवत कापायची यंत्रे यांच्यासाठी बिनमद्यार्काचे पेट्रोल वेगळे विकतात. आपल्याकडे असाच पर्याय मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली. ती 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली गेली. सरकारने 2021 साली पन्नास वर्षांवरील गाड्यांना नोंदणीत वेगळा मान दिला, त्यांच्या इंधनाची सोय मात्र केली नाही. आणि लुना-फवाऱ्याचे तर कोणी नावही काढले नाही.

तोवर आपल्या हाती आहे ते करावे. गाडी किंवा फवारा पंधरा दिवसांहून अधिक उभा राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटी कोरडी होते. पावसाळाभर उभे राहायचे असेल, तर टाकीही रिकामी करून पुसून ठेवणे बरे. नळ्या बदलताना मद्यार्क सोसणाऱ्या रबराच्याच मागा, चार पैसे जास्त पडतील. जेट एक नंबर मोठा घालायचा का, हे मिस्त्रीने स्पार्क प्लगचा रंग पाहून ठरवावे. प्लग पांढराफटक दिसला तर मिश्रण रोड आहे असे समजावे. बाटलीतले पेट्रोल घेणे भागच पडले, तर बाटली उजेडात धरून तळ पाहा. तळाशी वेगळा थर दिसला, तर ती परत करा.

माझ्या स्कूटरचा कार्बुरेटर उघडणारा मिस्त्री सत्तरीचा आहे. त्याने वाटी घासून पुसून लखलखीत केली, जेटमध्ये तार न घालता फुंकर मारली, आणि सांगितले की पुढच्या पावसाळ्याआधी गाडी त्याच्याकडे आणायची, नंतर नाही.