नमुना कुणाच्या हातात होता?

‘नार्को करा, सगळं बाहेर येईल.’ काही वर्षांपूर्वी हे वाक्य मी स्वतः कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं. एका खुनाची बातमी फिरत होती. बरेच अंगठे मिळाले आणि मी कोडिंगकडे वळलो.

सावंतवाडीच्या घरी हे आजीला सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं, “लागू डॉक्टराची केस ठावक आसा तुका?” मला नव्हती. त्या रात्री तो निकाल शोधून वाचला आणि मग एकातून दुसरा निघत गेला.

नोव्हेंबर 1956. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे, श्रीमंत विधवा, मधुमेहाच्या रुग्ण. त्यांचे डॉक्टर अनंत चिंतामण लागू त्यांना रात्रीच्या गाडीनं मुंबईला घेऊन निघाले. पहाटे बेशुद्धावस्थेत त्यांना जी. टी. हॉस्पिटलमध्ये दाखल केलं, दुपारच्या आत त्या गेल्या. मृतदेह बेवारस राहिला. पोस्टमॉर्टेम दहा दिवसांनी झालं आणि रासायनिक तपासणीत विष सापडलं नाही. दरम्यान नातेवाइकांना लक्ष्मीबाईंच्या नावानं पत्रं येत होती, की मी लग्न करून दूर राहते आहे. त्यांची मालमत्ता मात्र डॉक्टरांच्या हाती जात होती.

विष सापडलं नाही, तर विषप्रयोग सिद्ध कसा होणार? डिसेंबर 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन विरुद्ध एक मतानं फाशी कायम केली. न्या. हिदायतुल्ला यांच्या निकालाचा आशय असा: काही विषं मागमूस ठेवत नाहीत, प्रयोगशाळेचा होकार सक्तीचा केला, तर हुशार विषारी हात कायमचे सुटतील. म्हणून आधीचं आणि नंतरचं वागणं साखळीसारखं तपासायचं. न्या. सरकार यांना ते पटलं नाही, त्यांच्या मते आरोपी सुटायला हवा होता. दोन्ही बाजू वाचताना मला आमचं टेस्टिंग आठवलं. टेस्टमध्ये बग दिसला नाही, याचा अर्थ बग नाही असा होत नाही. पण बग आहेच, असाही होत नाही.

पुढची गोष्ट उलट्या टोकाची. तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्यात आरोपींनी नार्को चाचणीला विरोध केला. 2004 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं संमतीशिवायही ती करता येईल असं म्हटलं. जून 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका खून खटल्यात दोघांना जन्मठेप दिली; पुराव्यांत मेंदूच्या लहरींची चाचणीही होती. डोक्यावर इलेक्ट्रोड, कानावर गुन्ह्याची वाक्यं, तोंडातून एक शब्दही नाही, आणि निष्कर्ष असा की हिला हे ‘अनुभवातून’ माहीत आहे. ही बातमी जगभर गेली.

5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ‘सेल्वी’ निकालात हे थांबवलं. नार्को, पॉलिग्राफ, मेंदूचाचणी यांपैकी काहीही सक्तीनं करता येणार नाही. संमतीनं केली, तरी चाचणीतले उद्गार हा पुरावा नाही. त्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तिचा विचार होऊ शकतो. गुंगीतला माणूस खरंही बोलतो, कल्पनाही रंगवतो. म्हणजे माझं ग्रुपवरचं वाक्य तेव्हाच कालबाह्य झालेलं होतं.

पण मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं ते 2023 च्या निकालानं. 2010 मध्ये ठाणे जिल्ह्यात सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार आणि तिचा खून झाला. आरोपीला फाशी झाली, उच्च न्यायालयानंही ती कायम केली. मुख्य आधार होता डीएनए. सर्वोच्च न्यायालयानं विचारलं ते मात्र अगदी साधं होतं: नमुने कुणी घेतले? एकदा जूनमध्ये पाठवले, मग जुलैमध्ये पुन्हा का? मधल्या काळात ते होते कुठे? उत्तरं नव्हती. आरोपी सुटला.

आमच्या कामात सर्व्हरवर कोण, कधी, काय बदललं याचा लॉग नसेल, तर प्रॉडक्शनचा ॲक्सेससुद्धा मिळत नाही. इथे एका माणसाचा जीव टांगणीला होता आणि लॉग नव्हता. तो निर्दोष असेल, तर त्यानं फाशीच्या छायेत वर्षं काढली. दोषी असेल, तर त्या मुलीला न्याय मिळालाच नाही. यातलं खरं काय, हे आता कुणीच सांगू शकत नाही. इतकी महाग असते एक न भरलेली नोंद.

जुलै 2025 मध्ये तमिळनाडूच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं देशभरासाठी नियम घातले: डीएनए नमुना 48 तासांत प्रयोगशाळेत पोचावा, न्यायालयाच्या परवानगीविना पाकीट उघडू नये, प्रत्येक हाताची नोंद ठेवणारी वही खटल्याच्या शेवटापर्यंत ठेवावी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेला नवा फौजदारी कायदाही सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञानं घटनास्थळी जावं असं सांगतो. तयारीला राज्यांना पाच वर्षं दिली आहेत.

न्यायालयं प्रयोगशाळा चालवत नाहीत. 2004 मध्ये दिसलं तसं, ती विज्ञानाबाबत चुकतातही. पण प्रश्न विचारून, कधी स्वतःलाच दुरुस्त करून, ती पुराव्याची पातळी वर ढकलतात. फक्त फार उशिरा. 2010 च्या नमुन्यांचा प्रश्न सर्वोच्च पातळीवर 2023 मध्ये विचारला गेला.

आजीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “टेस्टीत गावला नाय म्हणजे जालाच नाय, असा नसता. आणि गावला म्हणजे जालाच, असाही नसता.”

पुढच्या वेळी ग्रुपवर ‘नार्को करा’ आलं, तर मी एवढंच विचारणार आहे: नमुना कुणाच्या हातात होता?