अमेरिकेची लढाई
टीप १४. अमेरिकेतील यादवी युद्ध, १८६१–६५. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्याने लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मुंबईत रुईचा भाव कडाडला. रेल्वे १८६० मध्येच सोलापूरला पोचली होती; बार्शी तालुक्यातले वैरागसारखे बाजारगावही त्यामुळे त्या भावाच्या टप्प्यात आले. मुंबईत बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर कित्येक पटींनी विकला जात होता. युद्ध संपताच रुईचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. शहरातल्या दिवाळखोरीबद्दल पुष्कळ लिहिले गेले, कुणब्याबद्दल फार थोडे. रुईचा भाव उतरला, पण तेजीत काढलेल्या कर्जाचा आकडा उतरला नाही. ही टीप ज्या मजकुरावर आहे त्यातले ‘फडक्यात बांधलेले खत’ म्हणजे सावकाराचे असे कर्जखत.