स्टेशन तयार, परवानगी नाही

मी सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे मला वाटायचं, ट्रान्समीटर आणि अँटेना आली की रेडिओ सुरू. संघम रेडिओचा इतिहास वाचला आणि हा गैरसमज गेला.

तेलंगणात झहीराबादजवळ माचनूर हे गाव. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीशी जोडलेल्या इथल्या दलित शेतकरी बायकांचे गावोगावी ‘संघम’ आहेत. १९९८ मध्ये युनेस्कोच्या मदतीने त्यांचं स्टेशन उभं राहिलं. पण परवाना? तो नव्हताच. आमच्या भाषेत, कोड तयार, पण लाइव्ह करायचा नाही!

गंमत बघा, १९९५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तरी स्वयंसेवी संस्थांना दार उघडलं ते २००६ च्या धोरणाने.

तोवर या बायका थांबल्या नाहीत. बियाणं, ज्वारी-बाजरी, सणवार, गाणी असं सगळं आपल्या तेलुगू बोलीत कॅसेटवर रेकॉर्ड करायच्या आणि संघमच्या बैठकीत वाजवायच्या.

१५ ऑक्टोबर २००८ ला अखेर प्रक्षेपण सुरू झालं. उद्घाटनाला कोण? १९९५ चा तो निकाल देणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत.

म्हणजे दहा वर्षं अडलं ते यंत्रापाशी नाही, विश्वासापाशी. आणि ते पूर्ण सुटलेलं नाही. कम्युनिटी रेडिओला आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच ऐकवाव्या लागतात. मी मात्र हा पॉडकास्ट कुणालाही न विचारता अपलोड करतो.