तीन मिनिटांचा राग : ध्वनिमुद्रिका, आख्यायिका आणि आपली मते

जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात आणि त्यांवर रसिकांनी आपापसांत मते द्यावीत, ही आपल्याकडील एक रुळलेली रीत आहे. अमक्या बाईंचा आवाज किनरा होता, तमक्या खाँसाहेबांना विलंबित मांडता येत नव्हते, अशी विधाने आपण सहज करतो. या विधानांना आधार असतो तो बहुधा तीन-साडेतीन मिनिटांच्या एका तबकडीचा. ती तबकडी कशी तयार झाली, तिने काय टिपले आणि काय गाळले, याचा विचार मात्र क्वचितच होतो. साहित्याचा अभ्यासक हस्तलिखित हाती घेताच प्रत कोणाची, लेखनिक कोण, पाठभेद कोणते, असे विचारतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून ही दृष्टी मराठीला परकी नाही. ध्वनिमुद्रिकेपुढे मात्र ही चिकित्सक वृत्ती गळून पडते. कानांनी ऐकले ते खरेच असणार, असा आपला भाबडा विश्वास असतो.

ग्रामोफोन कंपनीतर्फे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि नोव्हेंबर १९०२ मध्ये त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळी तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे छापल्या जात. गाणे संपताच गौहरजान इंग्रजीतून आपले नाव सांगतात, ते तिथल्या कारागिरांना ओळख पटावी म्हणून, असे सांगितले जाते. पुढे ही नाममुद्रा त्यांच्या गाण्याचाच भाग होऊन बसली. मुद्रणाला वीज नव्हती, मायक्रोफोन नव्हता. गायिकेने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, त्या आवाजाच्या जोराने सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. हळुवार आस, पुटपुटल्यासारखा खर्ज, तंबोऱ्याचा झंकार यांपैकी फारच थोडे त्या रेघेत उतरत असे. म्हणून गायिका जोराने आणि चढ्या पट्टीत गात. मुखडा, दोन-चार आलाप, तानांची एक फैर आणि समाप्ती एवढ्यात राग संपवायचा. त्यात भर वेगाची. सुरुवातीच्या तबकड्या सगळ्या एकाच गतीने मुद्रित झालेल्या नाहीत. चुकीच्या गतीने वाजवल्यास पट्टी चढते आणि आवाज पातळ होतो. ज्याला आपण किनरा आवाज म्हणतो, तो कधीकधी यंत्राचा दोष असतो आणि त्याची शिक्षा गायिकेला मिळते.

या पहिल्या काळात कर्ण्यासमोर बसल्या त्या प्रामुख्याने तवायफा आणि कलावंतिणी. घराण्याची विद्या बाजारात जाईल, या धास्तीने अनेक उस्ताद दूर राहिले, असे परंपरा सांगते. परिणाम मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. ज्यांना समाजाने मानाचे स्थान नाकारले, त्यांचाच आवाज या दस्तऐवजात पहिल्याने शिरला. आग्र्याच्या जोहराबाई १९१३ मध्ये वारल्या. त्यांच्या मोजक्याच तबकड्या मागे राहिल्या, पण फैयाझखाँ व बडे गुलाम अलीखाँ यांच्यासारखे गवई त्यांच्या गायकीस मान देत. तीन मिनिटांत ख्यालाचा बांधा, बोलांचे वजन आणि तानेची दिशा दाखवता येते, हे त्या तबकड्यांतून आजही पटते. तबकडी अपुरी असते हे खरे. पण ती मुकी नसते.

दुसऱ्या टोकाला उभे आहेत ते न मुद्रित झालेले. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) आणि अल्लादियाखाँ (१८५५–१९४६). मराठी संगीतविचाराने ज्यांना शिखरावर बसवले, त्या या दोघांचा एकही सूर आपल्या कानांवर पडू शकत नाही. भास्करबुवांना आपण मास्तर कृष्णराव आणि बालगंधर्व यांच्या गळ्यातून अनुमानाने ऐकतो. अल्लादियाखाँना केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यातून. उरते ते श्रोत्यांचे गद्य. गोविंदराव टेंबे यांचे ‘माझा संगीत-व्यासंग’ किंवा वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ (१९६१) वाचताना जाणवते, की मराठीत संगीतसमीक्षा घडली ती मैफल ऐकून आलेल्या माणसांच्या स्मरणातून. हे गद्य मोलाचे आहे, परंतु ते अनुरक्त गद्य आहे. त्यात आवाज बसलेला दिवस सहसा येत नाही, फसलेली तान येत नाही. मैफल जितकी दूर जाते, तितकी ती अधिक रंगलेली असते.

येथे एक अन्याय घडतो आणि तो सहसा बोलला जात नाही. ज्याने तबकडी दिली, तो कायमचा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. ज्याने दिली नाही, त्याला आख्यायिकेचे अभय मिळते. गौहरजानांची एखादी उणी श्रुती शंभर वर्षांनंतरही कोणीही दाखवून देऊ शकतो. भास्करबुवांची उणी श्रुती, असलीच तर, त्यांच्याबरोबर गेली. आणि पिंजऱ्यातील मंडळींत बायका अधिक, अभय मिळालेल्यांत खानदानी उस्ताद व बुवा अधिक, ही केवळ योगायोगाची गोष्ट म्हणता येणार नाही. म्हणून ‘पूर्वीचे बुवा कुठे आणि या बाया कुठे’ या जातीच्या तुलनेला पुरावा म्हणून काहीच किंमत नाही. तिच्या एका पारड्यात वस्तू आहे आणि दुसऱ्यात केवळ भक्ती.

एकाच गायकाच्या दोन काळांतील तबकड्या शेजारी ठेवल्या, की मत देणे किती अवघड आहे हे उमगते. अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) यांचे पहिले मुद्रण १९०५ च्या सुमारास कर्ण्यासमोर झाले. पुढचे, ज्यावर त्यांची आजची कीर्ती उभी आहे, ते विजेच्या मुद्रणाच्या काळातले. पहिल्यांत तानांची लगबग आणि तरुण जोम आहे. नंतरच्यांत, विशेषतः झिंझोटी आणि भैरवीतील ठुमऱ्यांत, सुरावर रेंगाळणारी ती आर्त मींड. आपण ‘किराणा’ म्हणून जे ओळखतो ते बहुतांशी या नंतरच्या तबकड्यांचे अपत्य आहे. बदल खाँसाहेबांच्या वयाचा की मायक्रोफोनच्या आगमनाचा? कदाचित दोहोंचा. हलका सूर टिपणारे यंत्र आले नसते, तर हलक्या सुराचा हा गायक आपल्याला असा कळला असता का, हा प्रश्न घराण्यांच्या इतिहासाने अद्याप पुरता अंगावर घेतलेला नाही.

मल्लिकार्जुन मन्सूर यांचे उदाहरण याहून बोलके आहे. नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची तालीम घेतलेल्या या तरुणाच्या तबकड्या १९३० नंतरच्या दशकात निघू लागल्या. मंजीखाँ व पुढे भुर्जीखाँ यांच्याकडून मिळालेली अल्लादियाखाँची विद्या त्यांच्यात मुरायला अवकाश होता. केवळ त्या तबकड्यांवरून मन्सूरांविषयी मत देणारा, कवीचा पहिला संग्रह वाचून समग्र कवी सांगणाऱ्यासारखा ठरेल. पुढे दीर्घ मुद्रणाची तबकडी आली आणि प्रमाणच बदलले. अमीरखाँच्या एका तबकडीवर एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. वीसेक मिनिटांच्या त्या अवकाशात अतिविलंबित लय घरातल्या श्रोत्यापर्यंत पोहोचली.

केसरबाईंची (१८९२–१९७७) तबकडी मात्र सर्वांत दूर गेली. ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर १९७७ मध्ये पाठवलेल्या सोनेरी तबकडीत त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. याने निघाली ती ऑगस्ट-सप्टेंबरात आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. तासभर एक राग उलगडणाऱ्या या गायिकेचे प्रतिनिधित्व अंतराळात एक छोटी भैरवी करते आहे. याचे कोणाला हसू येईल, कोणाला विषाद वाटेल. परंतु ती साडेतीन मिनिटे ऐकताना श्वासाचा पल्ला, आकाराचा भरीवपणा आणि स्वरांना एका ओघात गुंफण्याची ती जयपूरची रीत लपत नाही.

तेव्हा ध्वनिमुद्रिकांवर मते देऊ नयेत, असा याचा अर्थ नव्हे. तसे केल्यास सारे क्षेत्र आख्यायिकांच्या हवाली होईल. मते द्यावीत, पण ती कशावर देत आहोत याचे भान ठेवून. कर्ण्याचे मुद्रण की मायक्रोफोनचे, गायकाचे वय काय, गती बरोबर आहे का, तीन मिनिटांसाठी काय गाळले गेले असेल, हे विचारून मग. तबकडी ही मैफलीची छाया नसून एक स्वतंत्र रचना आहे, आणि त्या रचनेपुरता आपला निर्णय ठाम असायला हरकत नाही. जे मुद्रित झालेच नाही त्याच्याविषयी आदर बाळगावा. परंतु त्या आदराचे माप घेऊन, ज्यांनी आपला आवाज आपल्या स्वाधीन केला त्यांना उणे लेखू नये. आपला सूर पुढच्यांच्या कानांवर सोपवण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. या इतिहासात हातात धरता येईल असे जे काही आहे, ते त्यांच्यामुळेच आहे.