कागदाची सुरळी आणि आपलं काळीज



मागच्या बैठकीला आशाताई बीपीचं मशीन घेऊन आल्या होत्या. आमच्या गटातल्या एक ताई दंड पुढे करायलाच तयार नव्हत्या. "मला काय झालंय? डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. रोज म्हावऱ्याची पाटी डोक्यावर घेऊन बाजार करते." सगळ्यांनी आग्रह केला तेव्हा बसल्या. आकडा आला १७० आणि १००. दुसऱ्या एकीची सून पाच महिन्यांची गरोदर. तिला दवाखान्यात "हृदयात मर्मर आहे" असं सांगितलेलं, आणि घरात सगळे घाबरून गेलेले.

हे आवाज नि हे आकडे आले कुठून, त्याची गोष्ट आज सांगते.

१८१६ साली पॅरिसच्या एका इस्पितळात लेनेक नावाच्या डॉक्टरांकडे हृदयाचा त्रास असलेली एक तरुण बाई आली. तेव्हा डॉक्टर छातीला थेट कान लावून ऐकत. परक्या बाईच्या छातीला कान कसा लावायचा? लेनेक यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसरं आपल्या कानाला. ठोके नुसत्या कानापेक्षाही स्पष्ट ऐकू आले! पुढे त्यांनी लाकडाची नळी केली. तोच आपला स्टेथोस्कोप. म्हणजे बाईची लाज राखूनही तिचं काळीज ऐकता यावं, म्हणून ही वस्तू जन्माला आली.

आपल्याकडे हीच अडचण आनंदीबाई जोशींनी ओळखली होती. त्या काही काळ आपल्या अलिबागला राहिल्या होत्या. पुरुष डॉक्टरपुढे बाया दुखणं सांगत नाहीत, म्हणून बाई डॉक्टर हवी, असं त्यांनी ठरवलं आणि १८८६ साली अमेरिकेत पदवी मिळवली.

त्या नळीतून "लब-डब"च्या मध्ये सूं-सूं असा आवाज आला की तो मर्मर. अरुंद पुलाखाली खाडीचं पाणी जसं आवाज करत जातं, तसंच. दर वेळी तो आजार नसतो. लहान मुलांत आणि गरोदरपणी रक्ताचा वेग वाढल्यानंही तो येतो. पण कधी झडपच बिघडलेली असते. लहानपणी घसा धरतो, मग सांधे सुजतात, ताप येतो, आणि त्यातून झडपेला इजा राहते. गरोदरपणी रक्त जवळजवळ दीडपट होतं, तेव्हा अशा बाईला धाप लागते. म्हणून मर्मर म्हटलं की घाबरायचं नाही, पण हृदयाची सोनोग्राफी टाळायचीही नाही.

बीपीचं तसं नाही. ते कळतच नाही, मोजावं लागतं. १८९६ साली इटलीत रिवा-रोची यांनी दंडाचा पट्टा आणला. १९०५ साली रशियाच्या कोरोटकॉफ यांनी पट्ट्याखाली नळी लावून ऐकलं. आवाज सुरू होतो तो वरचा आकडा, थांबतो तो खालचा.

आणि औषध? त्यात मुंबईचं मोठं नाव आहे. आपल्या वैद्यांना सर्पगंधेचं मूळ पूर्वीपासून माहीत होतं. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ते ५० रुग्णांना देऊन बीपी मोजलं, लिहून ठेवलं आणि १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापलं. जगभर ते औषध गेलं. १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पण त्या औषधानं काही जणांचं मन फार खचायचं. आता त्याहून चांगल्या गोळ्या आहेत. म्हणून मुळी आणून घरी उगाळू नका.

आपल्या ताटाचंही बघायला हवं. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही, एवढंच मीठ पुरे. सुकट, सुके बोंबील आपण सोडणार नाही. पण भिजवून ते पाणी ओतून द्या, आणि वरून मीठ घालू नका.

त्या ताईंचं बीपी उपकेंद्रात पुन्हा दोनदा मोजलं, तेवढंच निघालं. आता गोळी सुरू आहे. सुनेची झडप थोडी अरुंद निघाली. लहानपणी सांधे सुजायचे, ते "वाढीचं दुखणं" म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. आता बाळंतपण मोठ्या इस्पितळातच करायचं ठरलंय.

गटाच्या वहीत आपण पै-पैची नोंद ठेवतो. त्याच वहीत आता आम्ही बीपीचा रकाना आखला आहे. तुम्हीही आखा. दोनशे वर्षांपूर्वी एका बाईसाठी कागदाची सुरळी झाली. आपण निदान दंड पुढे करूया.