बहिष्कार आणि उदासीनता

दलित समाज लोकसभेच्या निवडणुकीविषयी उदासीन होत चालला आहे, अशी तक्रार आपल्याच व्यासपीठांवरून ऐकू येते. तक्रार करणारे बहुधा पुढारीच असतात. समाजाला जागृती नाही, असे निदान करून ते मोकळे होतात. मी इतिहास शिकवतो. हे निदान मला मान्य नाही.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून खुद्द बाबासाहेब पडले. मतदारसंघ दोन जागांचा होता. मतदाराला मते दोन, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. मते जाणूनबुजून कुजवली गेली, असा आरोप करून बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणुकीला आव्हान दिले. उपयोग झाला नाही. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले. म्हणजे कागदोपत्री अस्पृश्यांना प्रतिनिधी मिळालाच होता! पुणे कराराचा अर्थ १९३२ मध्ये ज्यांना उमगला नव्हता, त्यांना तो २० वर्षांनी उमगला. जागा आपली, निवड दुसऱ्याची. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब पुन्हा पडले. पुढच्याच वर्षी शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनने कायदेमंडळातील राखीव जागा रद्द कराव्यात असा ठराव केला. तो ठराव आज कुणी आठवत नाही. त्या जागांची मुदत मात्र दर १० वर्षांनी वाढत गेली, आता ती २०३० पर्यंत आहे. कोणत्याही सत्ताधारी पक्षाला ती कधी जड गेली नाही. का जड जावी?

एवढे होऊनही आपली माणसे निवडणुकीला विटली नव्हती. महापरिनिर्वाणाचे दुःख ताजे असताना, १९५७ मध्ये, फेडरेशनने संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर राहून दादासाहेब गायकवाडांना नाशिकमधून आणि बी. सी. कांबळे यांना कोपरगावमधून लोकसभेत पाठवले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्ष जन्माला आला. आणि लवकरच हेच दोघे समोरासमोर उभे राहिले. एक गट 'दुरुस्त', दुसरा 'नादुरुस्त'. नावेच बोलकी आहेत. १९६४ च्या डिसेंबरात गायकवाडांच्या हाकेवर भूमिहीन माणसे, बायालेकरांसह, हजारोंनी तुरुंगात गेली. ज्या सरकारच्या तुरुंगात ती गेली, त्याच सरकारच्या पक्षाशी १९६७ मध्ये समझोता झाला. जमीन मागणाऱ्याने यातून काय समजायचे?

दलित पँथरने हे ओळखले होते. जानेवारी १९७४ च्या मध्य दक्षिण मुंबईतल्या पोटनिवडणुकीवर तिने बहिष्कार पुकारला. वरळीत सभेवर दगडफेक झाली, बी. डी. डी. चाळीत दंगल पेटली, मोर्च्यात भागवत जाधव शहीद झाले. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. मत न देणे हेही राजकारण असते, हे तेव्हा मंत्रालयापर्यंत पोहोचले. त्या न दिलेल्या मताच्या मागे संघटना होती, मागणी होती, रस्त्यावर उतरलेली पोरे होती. पँथर त्याच वर्षी फुटली, ही आपली जुनी खोड. पण बहिष्काराला कुणी उदासीनता म्हणाले नाही.

आजची उदासीनता एकेकट्या माणसाची आहे. तिची नोंद कुठेच होत नाही, म्हणून तिची भीतीही कुणाला नाही. १९९८ मध्ये प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले असे चौघे एकदम लोकसभेत गेले, तेही खुल्या जागांवरून. वस्त्यावस्त्यांत दिवाळी झाली. पण ऐक्य १९९९ ची निवडणूक येईपर्यंतही टिकले नाही आणि चौघांतले दोघेच परत गेले. त्यानंतर कार्यकर्त्यांच्या तोंडी 'ऐक्य' हा शब्द चेष्टेने येऊ लागला.

माझ्या वर्गातली वस्तीवरची मुले दिल्लीच्या निवडणुकीचे नाव काढले की म्हणतात, "सर, कुणालाही द्या, तेच." हीच मुले ग्रामपंचायतीच्या मतदानाला मात्र पदरचे एस. टी. भाडे भरून गावी जातात. गायरानावरच्या घरांचा ठराव, विहिरीची मोटर, स्मशानभूमीची वाट यांचे काय होणार हे तिथे ठरते, आणि कुणी हात वर केला नाही हेही तिथे डोळ्यांनी दिसते.