आधी कर्नल, मग वर्ल्ड : फ्रीबीएसडीच्या एका रिवाजाची कुळकथा

फ्रीबीएसडी ही मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम तिच्या विकासशाखेतील सोर्स कोडवरून अद्ययावत करताना पाळावयाचा क्रम आज सर्वत्र एकाच रीतीने सांगितला जातो. प्रथम ‘अपडेटिंग’ नावाची फाइल वाचावी, मग ‘बिल्डवर्ल्ड’ ही आज्ञा देऊन कर्नल सोडून उरलेली सारी प्रणाली बांधून घ्यावी, पाठोपाठ ‘बिल्डकर्नल’ने कर्नल बांधावा, ‘इन्स्टॉलकर्नल’ने तो बसवावा, यंत्र पुन्हा सुरू करावे, आणि नवा कर्नल नीट चालतो अशी खात्री पटल्यावरच ‘इन्स्टॉलवर्ल्ड’ने उरलेली प्रणाली बसवावी. बांधताना वर्ल्ड आधी आणि बसवताना कर्नल आधी, ही उलटापालट नवख्याला मनमानी वाटण्याजोगी आहे. प्रत्यक्षात हा क्रम कोणा एकाने आराखडा काढून ठरवलेला नसून त्याच्या बहुतेक पायऱ्या प्रत्यक्ष मोडतोडीनंतर एकेक करून घातल्या गेल्या आहेत, आणि म्हणूनच त्याचा इतिहास जाणल्याशिवाय त्यामागचा तर्क पुरता उमगत नाही.

या रिवाजाचे मूळ बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात आहे. तेथे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात बिल जॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेल प्रयोगशाळेच्या युनिक्सवर आधारलेली, बीएसडी या नावाने ओळखली गेलेली प्रणाली वाढवली व चुंबकीय फितींवरून वितरित केली. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा, जो स्मृती, तबकड्या आणि प्रक्रिया यांचा कारभार पाहतो. त्याच्याबरोबर लागणारी ग्रंथालये, म्हणजे अनेक प्रोग्रामांना सामाईक असलेला कोड, तसेच शेल, संपादक, कंपायलर आणि फाइली हाताळणारे लहानमोठे प्रोग्राम हे सारे बर्कलीच्या परंपरेत सोर्स कोडच्या एकाच वृक्षात, एकाच हाताखाली वाढत गेले. लिनक्सच्या बाबतीत कर्नल एका ठिकाणी आणि भोवतालचे प्रोग्राम दुसऱ्या ठिकाणी तयार होतात आणि त्यांची जुळणी वितरण करणाऱ्या संस्थेकडे असते. बीएसडीत ती जुळणी सोर्स कोडच्या वृक्षातच केलेली असल्यामुळे संपूर्ण प्रणाली एका आज्ञेत नव्याने बांधून काढणे ही कल्पना तेथे सहज रुजली. त्यासाठी लागणारे हत्यार बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली लिहून ठेवले होते. ‘मेक’ नावाचा तो प्रोग्राम कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे याची टिपणे वाचतो आणि जे मुळापेक्षा जुने झाले असेल तेवढेच पुन्हा तयार करतो. फ्रीबीएसडीच्या अशा उन्नतीतील बांधण्याच्या आणि बसवण्याच्या आज्ञा आजही ‘मेक’लाच दिल्या जातात.

बर्कलीने १९९१ साली बीएसडीचा बराचसा भाग मुक्तपणे प्रसिद्ध केला, तेव्हा पूर्ण कर्नल बनण्यास त्यात केवळ सहा फाइली कमी होत्या. त्या नव्याने लिहून विल्यम आणि लिन जोलिट्झ यांनी ती प्रणाली इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर उभी केली आणि १९९२च्या जुलैत ३८६बीएसडीची ०.१ ही आवृत्ती लोकांच्या हाती आली. तिच्यात दोष पुष्कळ होते आणि अधिकृत दुरुस्त्या संथपणे येत होत्या, म्हणून वापरणाऱ्यांनी आपापल्या दुरुस्त्या एकत्र करून एक अनधिकृत पॅचकिट चालवले. पॅच म्हणजे जुन्या आणि नव्या फाइलीतील फरकाची नोंद, जी जुन्या फाइलीवर चढवली की नवी फाइल मिळते. या पॅचकिटचे शेवटचे तीन समन्वयक नेट विल्यम्स, रॉड ग्राइम्स आणि जॉर्डन हबर्ड यांनी १९९३ साली वेगळी वाट धरली, आणि डेव्हिड ग्रीनमन यांनी सुचवलेले फ्रीबीएसडी हे नाव तिला मिळाले. पॅचकिटचा अनुभव येथे निर्णायक ठरला असे मानण्यास जागा आहे, कारण ढीगभर पॅच कोणत्या क्रमाने चढवावेत, हा प्रश्न ज्यांनी रोज सोडवला होता त्यांनीच पुढे एक सामाईक भांडार उभारले, ज्यात प्रत्येक बदल तारखेसह नोंदला जाई आणि कोणत्याही दिवशीचा संपूर्ण वृक्ष जसाच्या तसा बाहेर काढता येई.

त्या भांडाराच्या मुख्य प्रवाहाला ‘करंट’ असे नाव पडले. तेथे रोज बदल होतात, काही अर्धवट असतात, काही दुसऱ्या दिवशी मागे घेतले जातात. जे बदल तेथे मुरतात तेच पुढे ‘स्टेबल’ या शाखेत नेले जातात. जे लोक भांडारापासून दूर, मंद जोडणीवर होते त्यांच्यासाठी पॉल-हेनिंग कँप यांनी सीटीएम ही पद्धत काढली, जिच्यात रोजचे बदल ईमेलने पाठवले जात, आणि पुढे जॉन पोलस्ट्रा यांच्या सीव्हीसपने केवळ बदललेला मजकूर जलद आणून देण्याची सोय केली. या सोयींमुळे विकासाच्या प्रवाहात राहणारे केवळ प्रणालीचे लेखक उरले नाहीत, आणि त्यांच्याबरोबर मोडलेल्या यंत्रांची संख्याही अर्थातच वाढली.

अडचण अशी की येथे बांधणारी आणि बांधली जाणारी प्रणाली एकच असते. पावसाळ्यापूर्वी घरात राहूनच घर शाकारावे, तसा हा प्रकार आहे: काढलेल्या प्रत्येक कौलाखाली कोणीतरी राहत असते. नवा कंपायलर जुन्या कंपायलरने बांधावा लागतो, नवी ग्रंथालये जुन्या शेलच्या आज्ञांनी जागी ठेवावी लागतात, आणि फाइली नेऊन ठेवणारा ‘इन्स्टॉल’ नावाचा प्रोग्राम स्वतःची नवी प्रत स्वतःच्याच जागी ठेवतो. आरंभीच्या वर्षांत हे सर्व ‘मेक वर्ल्ड’ या एकाच आज्ञेत होत असे. बांधणे आणि बसवणे एकापाठोपाठ चाले आणि कर्नल सर्वांत शेवटी, वेगळ्याने, बांधला जाई. त्यालाही कारण होते, कारण नव्या कर्नलच्या सोर्स कोडला नवा कंपायलर आणि कर्नलची मांडणी वाचणारा नवा ‘कॉन्फिग’ प्रोग्राम लागे, आणि हे दोन्ही वर्ल्ड बसवल्यावरच हाती येत. बराच काळ हा क्रम निभावला, इतकेच नव्हे तर १९९८ साली ३.० आवृत्तीच्या वेळी प्रोग्रामांचे स्वरूपच जुन्या ए-डॉट-आउट पद्धतीवरून ईएलएफ पद्धतीवर नेले गेले, तेव्हा त्या एका संक्रमणासाठी स्वतंत्र आज्ञा लिहून वेळ भागवता आली.

१९९९च्या उत्तरार्धात मात्र हा क्रम मुळापासून हादरला. युनिक्समध्ये कर्नल एखाद्या प्रक्रियेला काही घडल्याची सूचना ‘सिग्नल’द्वारे देतो, आणि कोणते सिग्नल थोपवून धरायचे याची यादी तोवर ३२ बिटांच्या एका अंकात मावत होती, प्रत्येक सिग्नलला एक बिट. ३२हून अधिक सिग्नलांना जागा मिळावी म्हणून मार्सेल मूलेनार यांनी ती यादी १२८ बिटांची केली. वरवर पाहता हा एका व्याख्येतील बदल; पण प्रोग्राम कर्नलकडे जी विनंती करतो, जिला सिस्टिम कॉल म्हणतात, तिला एक ठरीव क्रमांक असतो, आणि नव्या आकाराच्या यादीसाठी नव्या क्रमांकांचे सिस्टिम कॉल करणे भाग होते. जुन्या कर्नलला हे क्रमांक ठाऊकच नव्हते. ‘मेक वर्ल्ड’ने नवे प्रोग्राम जुन्या कर्नलवर बसवण्यास सुरुवात केली की नवे शेल किंवा नवे ग्रंथालय पहिल्याच वापरात अनोळखी क्रमांक उच्चारी, कर्नल ‘बॅड सिस्टिम कॉल’ असा शेरा देऊन ती प्रक्रिया संपवी, आणि बसवण्याचे काम मध्येच तुटे. मागे उरे ती ना जुनी ना नवी अशी प्रणाली, जिच्यात दुरुस्तीसाठी लागणारे प्रोग्रामही चालेनासे झालेले असत.

या प्रसंगातून जे तत्त्व उघड झाले ते या रिवाजाचा कणा आहे, आणि ते सतर्कतेपेक्षा दिशेविषयीचे आहे. नव्या कर्नलमध्ये जुन्या क्रमांकांचे सिस्टिम कॉल सुसंगतीसाठी जपून ठेवता येतात, त्यामुळे जुने प्रोग्राम नव्या कर्नलवर चालतात. जुन्या कर्नलला मात्र उद्या लिहिल्या जाणाऱ्या सिस्टिम कॉलांची माहिती असणे शक्यच नाही. सुसंगती अशी एकाच दिशेने वाहत असल्यामुळे बसवताना कर्नल आधी, हे अपरिहार्य ठरते. परंतु कर्नल बांधण्यास नवी हत्यारे हवीत ही जुनी गरजही खोटी नव्हती. मूलेनार यांनी बांधणीची फेररचना केली ती या दोन्ही गरजा एकत्र भागवण्यासाठी. बांधणे आणि बसवणे ही कामे पूर्णपणे अलग करण्यात आली. ‘बिल्डवर्ल्ड’ प्रथम जुन्या प्रणालीवर चालतील अशी नव्या कंपायलरसारखी हत्यारे एका बाजूच्या निर्देशिकेत तयार करते, त्या हत्यारांनी बाकीचा वृक्ष बांधते, आणि चालू प्रणालीच्या एकाही फाइलीला हात लावत नाही. ‘बिल्डकर्नल’ तीच बाजूची हत्यारे वापरतो. मार्च २०००मध्ये ४.० आवृत्ती आली तोवर बांधताना वर्ल्ड आधी आणि बसवताना कर्नल आधी हा दुहेरी क्रम आकारास आला होता. बसवण्याच्या कामातील धोकाही पुढे याच विचाराने कमी झाला: ‘इन्स्टॉलवर्ल्ड’ आपल्याला लागणारे प्रोग्राम आणि त्यांची ग्रंथालये आधी एका तात्पुरत्या निर्देशिकेत उतरवून घेतो आणि तेथूनच चालवतो, म्हणजे मूळ जागच्या प्रती बदलत असताना काम करणाऱ्या हाताखालचे हत्यार बदलत नाही.

कोडबरोबर सांगावाही पोहोचला पाहिजे ही जाणीव याच काळात वाढली. वॉर्नर लॉश यांनी सांभाळलेली ‘अपडेटिंग’ ही फाइल सोर्स कोडच्या वृक्षाच्या मुळाशीच असते; तिच्यातील प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर वर्ष, महिना आणि दिवस यांचा आठ अंकी शिक्का असतो, ताजी नोंद सर्वांत वर असते, आणि आपल्या मागील उन्नतीच्या दिवसापर्यंत खाली वाचत जाणे एवढेच वाचकाचे काम असते. या फाइलीला तांत्रिक साहित्यात मिळायला हवे तितके श्रेय मिळालेले नाही. कोणत्या दिवशी काय मोडले आणि त्यातून कसे निभावले याची सलग नोंद, ज्यांनी मोडले त्यांच्याच हातची, इतक्या वर्षांची क्वचितच सापडते.

यंत्राच्या मालकाने स्वतः बदललेल्या फाइलींचा प्रश्न वेगळा होता. ‘ईटीसी’ या निर्देशिकेत वापरकर्त्यांची खाती, नेटवर्कची मांडणी, सुरुवातीला चालणाऱ्या सेवा यांची टिपणे असतात. ती आंधळेपणाने बदलली तर खातीच नाहीशी होतात, आणि मुळीच बदलली नाहीत तर नव्या प्रोग्रामांना आपली टिपणे सापडत नाहीत. डग बार्टन यांचा ‘मर्जमास्टर’ हा प्रोग्राम जुन्या आणि नव्या प्रतींतील फरक फाइलगणिक दाखवून निर्णय मालकावर सोपवत असे. २००२च्या सुमारास टपाल हाताळणाऱ्या सेंडमेलला आणि दूरस्थ प्रवेशाच्या सेवेला सुरक्षिततेसाठी स्वतःची स्वतंत्र खाती लागू लागली. ती आधीपासून नसली तर फाइलींची मालकी कोणाकडे द्यायची हे ठरेना आणि बसवणे अडे. म्हणून वर्ल्ड बसवण्यापूर्वी केवळ खाती आणि गट जुळवून घेण्याची एक छोटी पायरी क्रमात शिरली, आणि मर्जमास्टरची जागा पुढे जॉन बाल्डविन यांच्या ‘ईटीसीअपडेट’ने घेतली, तरी ती पायरी टिकून राहिली.

ग्रंथालयांच्या बाबतीत २००८ साली आलेल्या ७.० आवृत्तीने मोठी स्थिरता आणली. तोवर मुख्य सी ग्रंथालयाचा क्रमांक आवृत्त्यांबरोबर वाढत असे; त्यानंतर प्रत्येक फलनाच्या नावालाच आवृत्तीची खूण जोडली गेली, एकाच ग्रंथालयात जुने आणि नवे रूप शेजारी नांदू लागले, आणि त्या ग्रंथालयाचा सात हा क्रमांक तेव्हापासून कायम राहिला. या तजविजीची खरी परीक्षा मे २०१७मध्ये झाली, जेव्हा करंट शाखेत प्रत्येक फाइलीचा आंतरिक क्रमांक ३२ बिटांवरून ६४ बिटांवर नेण्यात आला आणि फाइलींची माहिती व निर्देशिकेतील नोंदी ज्या साच्यात कर्नलकडून मिळतात तो साचाच बदलला. जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामला स्पर्श करणारा असा बदल क्वचितच होतो. पण जुने सिस्टिम कॉल कर्नलने जपले होते आणि जुनी नावे ग्रंथालयाने, त्यामुळे ‘अपडेटिंग’मध्ये सांगितलेला क्रम पाळणाऱ्याची प्रणाली नव्या कर्नलवर जुन्या वर्ल्डसह उभी राहू शकत होती. ज्याने कर्नल बदलून यंत्र पुन्हा सुरू करण्याआधीच वर्ल्ड बसवले त्याच्यापुढे १९९९चाच प्रसंग उभा राहणे अटळ होते.

मागे फिरण्याची वाट सुरुवातीला अरुंद होती. नवा कर्नल बसवताना जुना ‘कर्नल-डॉट-ओल्ड’ या नावाने बाजूला ठेवला जातो आणि बूट होताना तो निवडता येतो, पण वर्ल्ड बसवल्यानंतर केवळ जुना कर्नल परत आणणे चुकीच्या दिशेने जाणे ठरते, हे वरील विवेचनावरून उघड आहे. पावेल याकुब दाविदेक यांनी सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिममधील झेडएफएस ही फाइल-व्यवस्था फ्रीबीएसडीत आणल्यावर चित्र पालटले, कारण तिच्यात संपूर्ण फाइल-व्यवस्थेची त्या क्षणाची प्रतिमा नगण्य वेळात घेता येते. त्यावर उभारलेली ‘बूट एन्व्हायर्नमेंट’ म्हणजे कर्नल आणि वर्ल्ड यांची जोडीने जपलेली, स्वतंत्रपणे बूट होणारी प्रत. डिसेंबर २०१८च्या १२.० आवृत्तीपासून तिच्यासाठीचा ‘बीईसीटीएल’ हा प्रोग्राम प्रणालीबरोबरच मिळतो. ती उन्नतीपूर्वी करून ठेवली की दोन्ही भाग एकाच वेळी मागे नेता येतात, आणि करंट शाखेवर राहण्याचे भय त्यामुळे खरोखरच कमी झाले आहे.

एक वाट मात्र अजूनही एकेरी आहे. नव्या कर्नलबरोबर झेडएफएसची नवी वैशिष्ट्ये येतात आणि साठवणीच्या संपूर्ण संचाला ती लागू करण्यासाठी ‘झेडपूल अपग्रेड’ ही वेगळी आज्ञा असते. ती दिल्यानंतर जुन्या बूट एन्व्हायर्नमेंटमधील कर्नलला किंवा तबकडीवरील जुन्या बूट-प्रोग्रामला तो संच वाचता येईलच असे नाही, आणि ही आज्ञा मागे घेता येत नाही. म्हणून जाणकार लोक नवी प्रणाली काही काळ निर्वेध चालल्यावर, बूट-प्रोग्राम अद्ययावत केल्यावर आणि जुन्या प्रती ठेवण्याची गरज संपल्यावरच ती देतात.